फक्त माहितीसाठी

दारातच एक चिठ्ठी देतात भरायला.
नाव : अर्लीन पोझोर्स्की. वय : ऐंशीला दोन कमी.
विषय : विस्कॉन्सिनमध्ये दारू पिण्याचं वय
एकवीसवरून एकोणीसवर आणावं का.
खाली तीन चौकोन :
बाजूने, विरोधात, फक्त माहितीसाठी.
पेन दोरीने टेबलाला बांधलेलं.
बोलायला तीन मिनिटं.

माझ्याआधी एक पोरगा बोलला, केस बारीक कापलेले.
म्हणाला, अठराव्या वर्षी तुम्ही माझ्या हातात रायफल दिलीत,
परत आलो तर भावाच्या लग्नात
माझ्या ग्लासात संत्र्याचा रस.
लोक हसले. तो हसला नाही.
त्याचं खरंच होतं.

मग तातडीच्या विभागातली एक निवृत्त नर्स.
आकड्यांचा कागद आणला होता, वाचला नाही.
म्हणाली, वय वाढायच्या आधी
शनिवारी रात्री आम्ही तीन खाटा
आधीच चादरी घालून ठेवायचो.
एवढंच बोलली, आणि उरलेली मिनिटं परत केली.
तिचंही खरं.

आमचा बार हद्दीपासून चारशे पावलांवर होता.
अलीकडे अठरा, पलीकडे इलिनॉय, तिथे एकवीस.
मधे एक पाटी.
मका दोन्हीकडे सारखाच उंच.
शुक्रवारी अंधार पडला की दक्षिणेकडून दिव्यांची रांग यायची,
आणि स्टॅन म्हणायचा, आली गं आपली पोरं.
तळलेला मासा, ब्रँडी, गोड सोडा.
दारात मी, टॉर्च घेऊन. वजाबाकी तोंडपाठ.
खोटं लायसन्स मी अंगठ्याने ओळखायची,
कडा जरा जाड लागते.
सत्तावीस वर्षांत एकदाही दंड नाही.
लिहून घ्या हवं तर.

ग्लेन मारुशाक. एकोणीस वर्षं, चार महिने.
लायसन्स अस्सल.
गाड्या धुण्याच्या दुकानात कामाला,
सगळे पैसे नाण्यांत मोजले, काउंटरवर रांगा लावून.
पाच बिअर. पैजेवर बरणीतलं एक आंबट अंडं.
दोन वाजता मी दिवे लावले तेव्हा म्हणाला,
बाई, गाडीतच पडू का जरा? उजाडलं की जातो.

आवारात रात्री गाडी ठेवायची नाही,
ही विमा कंपनीची अट होती.
पाटी लावली होती तशी.
मी पाटीकडे बोट दाखवलं.

बरं म्हणाला. वर गुड नाइट म्हणाला.
जानेवारी होता. काचेवरचा बर्फ
खरवडत राहिला बराच वेळ, कशाने तरी, कंगव्याने असेल.
मी ग्लास धूत होते. खिडकी समोरच होती.

चारशे पावलांवर तो पुन्हा अज्ञान होणार होता,
कायद्याच्या भाषेतलं म्हणते मी.
म्हणून हमरस्ता सोडला त्याने, पोलीस असतात.
फाटकाकडचा मागचा रस्ता घेतला.
तिथे मीठ टाकत नाहीत.

मी अडतीस वर्षांची होते तेव्हा.
पन्नासही राज्यांत सज्ञान.

स्टॅनला सांगितलं नाही कधी.
त्याला वाटायचं, पोरगा आपणहून निघाला.
शेरीफने विचारलं, लायसन्स तपासलंत का?
म्हटलं, हो.
पुढचा प्रश्न त्याच्या फॉर्मवर नव्हता.

अध्यक्ष भला माणूस, माझ्या धाकट्याच्या वयाचा.
चष्मा काढून म्हणाला, फार वाईट झालं, बाई.
पण मग तुम्ही
बाजूने की विरोधात?

मी म्हटलं, तुमचा मसुदा वाचला मी,
बावीस पानं, भिंग लावून.
त्यात पार्किंगबद्दल एक ओळ नाही.

कुणीतरी खोकलं.
घंटी वाजली.
मागच्या रांगेतून दारूविक्रेता संघाचा माणूस उठला
कोटाचं बटण लावत,
आणि मला वाट द्यायला जरा बाजूला झाला.